सिल्व्हर सर्फर, सॉल्स्टिस आणि टिम फॉलिन: एनईएसवरच्या एका म्युझिकची पार्श्वभूमी

१९९० मध्ये एनईएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती गेम कन्सोलवर, सिल्व्हर सर्फर नावाचा गेम आला, मार्व्हलच्या कॉमिकवरचा. खेळलेल्या लोकांना तो आठवतो तो अवघडपणामुळे, म्हणजे एक गोळी लागली की संपलं, भिंतीला नुसता टेकलात तरी संपलं, त्यामुळे बहुतेकांनी वैतागून कंट्रोलर ठेवून दिला आणि मागे काय वाजतंय याकडे लक्ष द्यायला कुणाला सवडच मिळाली नाही. आणि मागे जे वाजत होतं ते माझ्या मते त्या मशीनवरच्या सगळ्यात भारी म्युझिकपैकी आहे.

ते केलं टिम फॉलिन आणि त्याचा भाऊ जेफ यांनी. दोघं ब्रिटिश, मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्स या गेम बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करायचे. पण हे म्युझिक असं का वाजतं हे समजायचं तर आणखी थोडं मागे जावं लागतं, झेडएक्स स्पेक्ट्रमपर्यंत. १९८२ च्या त्या ४८ केबी मेमरीच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये साउंड चिपच नव्हती, एक बीपर होता, चालू किंवा बंद, बस्स. आवाज काढायचा तर प्रोसेसरनेच तो बीपर सतत चालू-बंद करत राहायचं, आणि एकापेक्षा जास्त सूर एकदम ऐकू यायला हवेत तर ते इतक्या वेगाने एकमेकांत मिसळायचे की कानाला ते एकत्र वाटतील. यात प्रोसेसर पार गुंतून जायचा, म्हणून असली गाणी बहुतेक टायटल स्क्रीनवरच असायची. टिमने एजंट एक्स (१९८६) आणि क्रोनॉस (१९८७) या गेमची गाणी याच बीपरवर केली, तेव्हा तो अजून विशीतही पोचला नव्हता! एवढ्याशा साधनातून बँड काढायची सवय तिथे लागली.

मग एनईएस हातात आला. एकदम पाच आवाज, म्हणजे पाच चॅनल: धुनेसाठी दोन पल्स, बेससारख्या खालच्या सुरांसाठी एक ट्रँगल, ड्रमसारख्या खरखरीसाठी एक नॉइज आणि सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांसाठी, एक. आपल्याला हे फार कमी वाटेल पण बीपरवरून आलेल्या माणसाला ही चैनच. टिम एकाच चॅनलवर तीन स्वर एकामागोमाग इतके झरझर फिरवतो की अख्खी कॉर्ड, म्हणजे तिन्ही स्वर एकदम, वाजल्यासारखी वाटते. ही युक्ती त्याने शोधलेली नाही, कमोडोर ६४ या कॉम्प्युटरवर रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे ही गेमचं म्युझिक करणारी मंडळी आधीपासून तेच करत होती, कारण त्यांच्याकडे तर तीनच चॅनल होते. दुसरी गंमत एकोची. चिपमध्ये एकोची सोय नाहीच, म्हणून एका चॅनलवरची धून दुसऱ्यावर किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवायची. हेडफोन लावून ऐका, स्वर संपल्यावर त्याची शेपटी ऐकू येते. आणि ट्रँगल चॅनलला तर व्हॉल्यूम कमीजास्त करायची सोयच नाही, तरी खाली बेस नाचत असतो.

१९९० चाच सॉल्स्टिस, टिमच्याच म्युझिकचा एनईएसवरचा दुसरा गेम, मला याहून लाडका. टायटल स्क्रीनला सुरुवातीला एक छोटीशी, साधीसुधी धून वाजते, गेमच्या म्युझिककडून तेव्हा जेवढी अपेक्षा असायची तेवढीच, आणि मग अचानक सगळं फुटून बाहेर येतं, लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉक. ती सुरुवात मुद्दाम तशी ठेवलीय अशी माझी पक्की खात्री आहे. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग रॉकची छाप त्याच्या कामावर सगळीकडे दिसते, सतत बदलणारी लय, लांब सोलो, एकाच गाण्यात चार वेगवेगळे तुकडे.

एनईएसवरच्या पिक्शनरीचंही तेच, चित्र ओळखायच्या बोर्ड गेमला एवढं म्युझिक द्यायला कुणी सांगितलं नसणार, तरी त्याने दिलं. पुढे एसएनईएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर, प्लॉक (१९९३) हा गेम आला, तिथे आठ चॅनल आणि खऱ्या वाद्यांची सॅम्पल्स होती, पण त्या साऱ्यासाठी मेमरी ६४ केबी. ते म्युझिकही दोघा भावांचंच.

हे गेम फारसे खेळले गेले नाहीत पण नंतर इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारे प्रोग्रॅम, आले, गेममधून नुसतं म्युझिक वेगळं काढून ऐकता यायला लागलं, एकेक चॅनल बंद करून बघता यायला लागला, आणि मग लोकांना कळलं की आत नक्की काय चाललंय. सॉल्स्टिसचं टायटल तसं एकदा ऐकाच, आधी फक्त दोन पल्स, मग ट्रँगल चालू करा.