आज्याच्या बिड्या आणि पंधरावं गुणसूत्र

भूम-परंड्याकडं बिडी सोडायचा विषय काढा, कुणीतरी म्हणतंच, ‘आमचा आजा नव्वदीपर्यंत ओढत होता, त्याला कुठं काय झालं?’ आज्याची गोष्ट खोटी नसते. जन्मभर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतल्या बहुतेकांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. पण त्याच भावकीतला, तेवढ्याच बिड्या ओढणारा दुसरा पन्नाशीतच जातो. या फरकात योगायोगाचा वाटा आहे, तसा जन्मतः मिळालेल्या जनुकांचाही.

धुरातलं बेन्झोपायरीन मुळात तेवढं घातक नसतं. ते बाहेर टाकायच्या खटपटीत शरीरातलीच काही विकरं (एन्झाइम) त्याचं डीएनएला चिकटणारं रसायन करून ठेवतात. मग जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) कुळातली विकरं त्याचा निचरा करतात. यातलं जीएसटीएम१ हे जनुक कित्येक धडधाकट माणसांत जन्मापासूनच नसतं. एवढ्यानं धोका फारसा वाढत नाही, पण असे बारीक फरक साठत जातात.

२००८ साली तीन संशोधक गट एकाच जागी पोहोचले: पंधराव्या गुणसूत्रावर, पेशींवरच्या, निकोटिन पकडणाऱ्या ग्राहींच्या (रिसेप्टर) जनुकांपाशी. तिथला एक बदल आई किंवा वडील, एकाकडून आला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण ३० टक्के जास्त, दोघांकडून आला तर सुमारे ८० टक्के. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिच्यात भूम-परंड्याची गावंही आहेत. अशा नोंदींना जनुकीय अभ्यासाची जोड मिळाली, तरच आपल्या माणसांचे आकडे हाती येतील.

हा बदल असलेली माणसं सरासरीनं जास्त ओढतात, दर सिगारेटमागं निकोटिनही जास्त घेतात. म्हणून बिडी सुटत नाही त्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला औषध आणि आधार लागतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला फुकट मिळतो.

आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही हा आजार होतो. तिच्या गाठीच्या तपासणीत ‘ईजीएफआर’ या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात बदल निघाला की घरचे हबकून विचारतात, ‘लेकरांनाही होईल का?’ हा बदल जवळजवळ नेहमीच गाठीतल्या पेशींपुरता, पुढं कधीतरी घडलेला असतो. तो लेकरांकडं जात नाही, आणि त्यावर गोळ्यांचे उपचार आहेत.