साडेअकरा पौंडांपासून सुरू झालेली गोष्ट

फॉरेनला शिकायला जाणं म्हटलं की अजूनही डोळ्यासमोर पैसेवाल्यांचीच पोरं येतात, पण ऐपत नसलेल्या घरातल्या पोराला दुसऱ्याच्या पैशाने बाहेर धाडायची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी त्यासाठी फंड काढला, पण ते कर्ज होतं, नंतर फेडायचं.

खरी ठळक केस १९१३ ची. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बॉन्ड की परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्यातूनच ते घरीही पैसे पाठवायचे! शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ ला परतावं लागलं, बडोद्यात नोकरीला गेले तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा कुणी देईना, त्यामुळे दहा वर्षांचा तो बॉन्ड काही दिवसांतच बारगळला. पुढे मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. म्हणजे हुशारी तीच, माणूस तोच, पण पैसे थांबले की शिक्षण थांबलं.

हे स्वतः भोगलेलं असल्यामुळे असेल, १९४२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळासारख्या मंडळात, गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागितले आणि त्यातून काही पोरं परदेशीही गेली. मग १९५४-५५ पासून केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, आणि २००३ पासून आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. वर्षाला राज्याच्या योजनेत ७५ जागा, केंद्राच्या १२५. एवढ्या मोठ्या देशाला १२५, हसावं की रडावं कळत नाही. तरी फी, विमानाचं तिकीट, राहण्याचा खर्च सगळं मिळतं, हे गावाकडच्या कितीतरी पोरांना अजून माहीतच नसतं.

पण पैसे देणाऱ्याच्या अटी आजही आहेतच. २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास असे विषय स्कॉलरशिपमधून वगळले. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात जो निबंध वाचला तो भारतातल्या जातींवरच होता, या नियमात तो विषय बसलाच नसता.