गडद थीम (डार्क मोड)

पडद्यावर गडद पार्श्वभूमी आणि तिच्यावर फिकट अक्षरे अशा रंगमांडणीला गडद थीम म्हणतात. हिरव्या अक्षरांचे जुने मॉनिटर असेच दिसत. कागदासारखा पांढरा पडदा पुढे १९८४च्या मॅकिंटॉशसारख्या संगणकांनी रूढ केला. २०१८ मध्ये मॅकओएस मोजावेत आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड १० व आयओएस १३ मध्ये गडद थीम संपूर्ण यंत्रणेसाठी मिळू लागली.

गडद थीमने डोळ्यांचा थकवा हमखास कमी होतो, हा समज चुकीचा आहे. पांढऱ्या पडद्याच्या उजेडात बाहुली आकसते आणि अक्षरांच्या कडा रेखीव दिसतात. काळ्या पडद्यापुढे ती रुंदावते, त्यामुळे डोळ्यातले दोष जास्त जाणवतात. चष्म्याला सिलिंडरचा नंबर असलेल्यांना (म्हणजे बुबुळाची वक्रता सर्व बाजूंनी सारखी नसलेल्यांना) काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी किंवा त्यांभोवती वलय असल्यासारखी दिसतात ती याचमुळे. मोतीबिंदू असलेल्यांचा अनुभव बहुधा उलटा असतो. धूसर भिंगात पांढऱ्या पडद्याचा प्रकाश विखुरतो, म्हणून त्यांना गडद पार्श्वभूमी सोयीची वाटते. दिवसा फिकट आणि अंधाऱ्या खोलीत गडद, ही विभागणी बहुतेकांना मानवते. उन्हात गडद पडदा आरशासारखा चकाकतो, तिथे तो टाळावा.

थीम बदलण्याआधी ब्राइटनेस जुळवावा. पडद्यावर कोरे पान उघडून शेजारी पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा उजळ वाटला तर ब्राइटनेस कमी करावा, मळकट वाटला तर वाढवावा. बरीचशी तक्रार इथेच मिटते.

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक गुणोत्तराने मोजतात. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळे म्हणजे २१:१. वेब सुगम्यतेच्या निकषांनुसार नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१ आणि कडक पातळीसाठी ७:१ लागते. दीर्घ वाचनात मात्र २१:१ची काळी-पांढरी जोडी बोचते. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ अशा आकड्यांनी सांगतात. पार्श्वभूमीत लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १८ आणि अक्षरांत प्रत्येकी २२४ ठेवले तर गुणोत्तर सुमारे १४:१ येते आणि नजर ठरते. ज्यांना गडद सोसत नाही त्यांच्यासाठी २४४, २३६, २१६ या बदामी रंगावर ९१, ७०, ५४ हा तपकिरी मजकूर उत्तम. त्याचे गुणोत्तर सुमारे ७.५:१ आहे. दुव्यांचा शुद्ध निळा रंग काळ्यावर जेमतेम २.४:१ देतो, म्हणून गडद थीममध्ये फिकट निळा घ्यावा.

देवनागरीसाठी वेगळी काळजी लागते. काळ्यावर उजळ रेघ जाड भासते. त्यामुळे घ-ध, भ-म यांतले बारीक फरक, जोडाक्षरांच्या गाठी आणि अनुस्वाराचे टिंब बुजतात. गडद थीममध्ये फॉन्ट ठळक न ठेवता नेहमीच्या वजनाचा (रेघेच्या जाडीचा) किंवा त्याहून एक पायरी हलका घ्यावा, आकार थोडा वाढवावा आणि ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे. इंग्रजीसाठी आखलेल्या थीममध्ये हे अंतर बहुधा अपुरे असते, आणि वरची वेलांटी मागच्या ओळीच्या उकाराला टेकते.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात, विंडोजवर पर्सनलायझेशनमधील कलर्स विभागात गडद थीम मिळते. संकेतस्थळाने स्वतःची गडद मांडणी दिलेली असेल तर ब्राउझर तीच उचलतो. ती नसताना ब्राउझरकडून सक्तीने रंग उलटवले की अडचणी येतात: पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेघांनी काढलेल्या आकृत्या गायब होतात आणि काही ठिकाणी छायाचित्रे निगेटिव्ह दिसतात. पानाने फक्त अक्षरांचा रंग ठरवून पार्श्वभूमी मोकळी सोडली असेल, तर काळ्यावर काळा मजकूर उरतो. अशा वेळी त्या एका संकेतस्थळापुरती सक्ती बंद करावी किंवा फायरफॉक्समधील वाचन-दृश्य वापरावे.

ओएलईडी पडद्यावर, म्हणजे जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो तिथे, शुद्ध काळा पिक्सेल विझलेला असतो, त्यामुळे बॅटरी वाचते. पण पान सरकवताना अक्षरांमागे डाग ओढल्यासारखे दिसू शकतात. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, तिथे ही बचत जवळपास नाही. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय निराळी आहे. ती नेहमीचा ६५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचा पांढरा रंग उबदार करते, गुणोत्तर सुधारत नाही. छायाचित्रांचे रंग तपासताना ती बंद ठेवावी. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. हा त्रास कोणत्याही थीमने जात नाही, त्यासाठी अधूनमधून नजर दूर न्यावी लागते.