द बेल जार

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ (१९३२–१९६३) यांची प्रसिद्ध झालेली एकमेव कादंबरी. लंडनच्या हाइनमान प्रकाशनाने ती १४ जानेवारी १९६३ रोजी ‘व्हिक्टोरिया लुकस’ या टोपणनावाने काढली. महिनाही उलटला नव्हता तोच, ११ फेब्रुवारीला, प्लाथ यांनी आत्महत्या केली. त्यामुळे ही कादंबरी अनेकदा मृत्युपूर्व जबानीसारखी वाचली जाते. हे वाचन अपुरे आहे. लेखन १९६१ मधले, आणि त्यात आलेला उन्हाळा १९५३ चा. मधल्या आठ वर्षांच्या अंतरामुळेच निवेदनात तिरकस विनोद आला आहे.

१९५३ च्या जूनमध्ये स्मिथ कॉलेजची विद्यार्थिनी असलेल्या प्लाथ ‘मादमाझेल’ या मासिकाच्या पाहुण्या संपादिका म्हणून न्यूयॉर्कला गेल्या. अशा वीसजणी निवडल्या होत्या. मुक्काम बार्बिझॉन या फक्त स्त्रियांच्या हॉटेलात. कादंबरीत हॉटेलाचे नाव अ‍ॅमेझॉन आहे, मुली बारा आहेत आणि नायिका एस्थर ग्रीनवुड आहे. हेरगिरीच्या आरोपाखाली रोझेनबर्ग दांपत्याला विजेच्या खुर्चीत देहदंड झाला तो याच महिन्यात. ही बातमी पहिल्याच वाक्यात येते आणि पुढे एस्थरला दवाखान्यात उपचार म्हणून विजेचे झटके दिले जातात तेव्हा तिचा अर्थ उलगडतो. आयुष्यातला योगायोग इथे रचनेचा भाग झाला आहे.

घरी परतल्यावर प्लाथ यांना हार्वर्डच्या उन्हाळी लेखनवर्गात प्रवेश नाकारला गेला. त्यानंतरचे नैराश्य, चुकीच्या पद्धतीने दिलेले झटके, ऑगस्टमधला आत्महत्येचा प्रयत्न आणि मॅक्लेन या मनोरुग्णालयातले उपचार हे सारे कादंबरीत आहे. त्यात आक्रोश मात्र फारसा नाही. एस्थरने तीन आठवडे केस धुतलेले नसतात, आणि त्यामागे तिचे बिनतोड कारण असते: आज धुतले तरी उद्या पुन्हा धुवावेच लागणार! नैराश्याचे इतके नेमके चित्रण क्वचितच सापडते.

प्लाथ आठ वर्षांच्या असताना वडील वारले. आई ऑरेलिया यांनी बॉस्टन विद्यापीठात लघुलेखन वगैरे विषय शिकवून दोन मुले वाढवली. कादंबरीतली आईही एस्थरला लघुलेखन शिकायला सांगते. एस्थरला पुरुषांनी सांगितलेली पत्रे उतरवायची नाहीत, स्वतःची सांगायची आहेत. तिचा मित्र बडी विलार्ड तर बजावतो की, मुले झाली की तुला कविता लिहावीशीच वाटणार नाही. प्लाथ हे लिहीत होत्या तेव्हा त्यांच्या घरात लहान मुलगी होती. सुरुवातीलाच एस्थर सहज सांगून जाते की, चष्म्याच्या घरावरचा प्लॅस्टिकचा तारामासा तिने बाळाला खेळायला कापून दिला. वाचताना ही ओळ सहज निसटते. पण निवेदिका त्या आजारातून बाहेर आली आहे, आई झाली आहे आणि तरीही लिहिते आहे, हे इथेच कळते.

पैशाचा भागही खराच. प्लाथ यांची शिष्यवृत्ती कादंबरीकार ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांच्या देणगीतून होती. मॅक्लेनच्या खर्चालाही त्यांनीच हात दिला. त्या स्वतः एकदा मानसिक आजारातून गेल्या होत्या. कादंबरीतल्या फिलोमिना गिनी त्यांच्यावरूनच बेतल्या आहेत. त्यांच्या पैशामुळे एस्थर सार्वजनिक इस्पितळातून खासगी रुग्णालयात जाते. बरे होण्यात आर्थिक वर्गाचा वाटा किती, हे कादंबरी लपवत नाही, हा माझ्या मते तिचा कमी चर्चिलेला गुण.

प्लाथ यांच्या नावाने ही कादंबरी इंग्लंडमध्ये १९६६ मध्ये आली. अमेरिकेत ती निघू नये असे ऑरेलिया यांना वाटत होते. तिथे ती १९७१ मध्ये निघाली. त्यांनी १९७५ मध्ये लेकीची पत्रे ‘लेटर्स होम’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांतली सिल्व्हिया प्रेमळ आणि उत्साही आहे. जोन गिलिंग हे पात्र प्लाथ यांच्याबरोबर मॅक्लेनमध्ये असलेल्या एका परिचित तरुणीवरून आले. कादंबरीत जोन आत्महत्या करते. ती तरुणी मात्र पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाली आणि कादंबरीवरील १९७९ च्या चित्रपटात आपले बदनामीकारक चित्रण झाल्याचा तिने दावा लावला. तो १९८७ मध्ये तडजोडीने मिटला.