एसएस रेलिंगवरचा तपकिरी डाग: लोखंडाचा की मिठाचा?

किनाऱ्यालगतच्या इमारतीत नवे एसएस (स्टेनलेस स्टीलचे) रेलिंग तपकिरी पडले की फॅब्रिकेटरने हलका माल लावला असे लगेच ठरते. त्याआधी डाग नीट बघा. सारखे दिसणारे हे दोन गंज वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिला गंज रेलिंगचा नसतोच. शेजारी एमएस (साधे लोखंडी स्टील) कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, किंवा एमएसवर वापरलेली डिस्क तशीच एसएसवर फिरते. चिकटलेले लोखंडाचे कण ओल लागताच गंजतात. काही दिवसांतच नारिंगी ठिपके उठतात, तेही ठिणग्यांच्या बाजूला, घासलेल्या रेघांत किंवा वेल्डजवळ. गंजाला जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या एसएसवरही ते येतात.

दुसरा खाऱ्या वाऱ्याचा. तो महिन्यांनी येतो आणि पाऊस पोचत नाही तिथे आधी दिसतो: छज्जाखाली, पाइपच्या खालच्या अंगाला, खांबाखालच्या बेसप्लेटच्या फटीत. कोकणात पावसाळा मीठ धुऊन नेतो, ऑक्टोबरपासून ते साचू लागते. त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढते, त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या पाइपवरही खाऱ्या पाण्याचा पापुद्रा टिकतो. एसएसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. क्लोराइड तो जागोजागी फोडते. ३१६ मधले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू इथे कामी येतो, ३०४ या नेहमीच्या ग्रेडमध्ये तो नसतो. फिनिशही तितकेच महत्त्वाचे आहे. खडबडीत पृष्ठभागात मीठ अडकते, म्हणून खरखरीत घासलेले ३१६ सुद्धा डागाळते. किनाऱ्यावर खडबडीतपणा ०.५ मायक्रॉनच्या आत हवा.

माल हलका आहे का हे बघायला चुंबक लावतात, पण त्याने काहीच कळत नाही. स्वस्त २०२ ग्रेडला चुंबक जवळपास चिकटत नाही, उलट वाकवलेल्या चांगल्या ३०४ ला थोडा चिकटतो.

लोखंडी कणांसाठी आधी साबणाने तेलकटपणा काढा. मग ४ ते १० टक्के सायट्रिक ॲसिड किमान २० मिनिटे ओले ठेवून भरपूर गोड्या पाण्याने धुवा. खोल रुतलेल्या कणांना पिकलिंग पेस्ट (वरचा पातळ थर खाऊन काढणारा ॲसिडचा लेप) लागते. तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, म्हणून ती जाणकारानेच लावावी, आणि चकाकी मंदावणार हे धरून चालावे. सफाईनंतर डाग परतला नाही तर तो लोखंडाचाच होता.

पुढच्या कोरड्या ऋतूत परतला आणि भिंगातून बारीक खड्डे दिसले, तर मिठाचा. मग पुन्हा पॉलिश करा आणि पावसाळा सोडून दर महिन्याला, आडोशाचे भाग न विसरता, गोड्या पाण्याने धुवा. दोन्हींत लोखंडी तारेची घासणी नको, ती नवे लोखंड पेरते. फरशी धुण्याचे ॲसिड तर रेलिंगच्या आसपासही वापरू नका: ते हायड्रोक्लोरिक असते आणि त्याच्या वाफाही स्टील खातात.