अस्थि-खनिजीभवन आणि एंझाइमे

शरीरातील फॉस्फरसपैकी सुमारे ८५ टक्के हाडांत आणि दातांत असतो. तो कॅल्शियमसोबत स्फटिकरूपात बसतो, या क्रियेला अस्थि-खनिजीभवन म्हणतात. ‘हाडांना कॅल्शियम लागतं’ हे घरोघरी ऐकू येते. फॉस्फेटचे नाव मात्र कोणी घेत नाही.

खरा प्रश्न उलट आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट रक्तातून सगळीकडे फिरतात, तरी खनिज हाडातच का साचते, रक्तवाहिनीत का नाही? याचे एक मोठे कारण म्हणजे पायरोफॉस्फेट. दोन फॉस्फेट जोडून झालेला हा रेणू स्फटिकाला चिकटून त्याची वाढ अडवतो. ईएनपीपी१ हे एंझाइम पेशीबाहेरील एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून तो तयार करते. ते जन्मतःच निकामी असले तर तान्ह्या बाळाच्या धमन्यांतही कॅल्शियम साचू शकते. हाड घडवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील अल्कलाइन फॉस्फेटेज (एएलपी) पायरोफॉस्फेट तोडते. अडसर निघतो आणि वर फॉस्फेटही मिळते. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये हाडातील हे एंझाइम दाखवले, तेव्हा त्यांचा भर फॉस्फेट पुरवण्यावर होता. अडसर काढण्याचे काम बऱ्याच नंतर उमगले.

रक्तातील फॉस्फेटचा तोल मूत्रपिंडे राखतात. हाडातील पेशी एफजीएफ२३ हे संप्रेरक सोडतात. त्याने लघवीवाटे फॉस्फेट जास्त जाते आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करणारे मूत्रपिंडातील एंझाइम मंदावते. ‘फेक्स’ जनुकात बिघाड झाल्यास एफजीएफ२३ वाढते आणि मुलांचे पाय वाकतात. दिसायला हा मुडदूसच, पण नेहमीच्या ड जीवनसत्त्वाने तो हटत नाही.

साधा मुडदूस नागपुरात व्हायला नको, असे वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, ऊन मागाल तेवढे! पण त्याच उन्हाच्या धाकाने माणसे दुपारी घरात, कूलरसमोर बसतात, आणि बाहेर पडलीच तर दुपट्ट्यात गुंडाळलेली. ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडाचा साचा तयार होतो, पण त्यात खनिज भरत नाही; पेशी खटपट करत राहतात आणि रक्तातील एएलपी वाढते. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते स्फटिकात शिरून हाड घट्ट पण ठिसूळ करते, आणि अशा रुग्णांतही एएलपी वाढलेले आढळते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याचे ‘नालगोंडा तंत्र’ नागपूरच्याच ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केले.

नागपुरातील धंतोली किंवा रामदासपेठेतील लॅबमध्ये एएलपी बहुधा ‘लिव्हर’च्या तपासणीत येते, कारण ते यकृतातूनही रक्तात उतरते. म्हणून वाढत्या मुलाचा आकडा मोठ्यांच्या मर्यादेशी ताडून कावीळ शोधत बसू नये. वाढीच्या वयात तो जास्तच असतो. कमी आकड्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते, आणि ते जास्त खटकते. हायपोफॉस्फेटेशिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारात एएलपी जन्मतः अपुरे असते, पायरोफॉस्फेट साचते, हाडे मऊ राहतात आणि दुधाचे दात पाच वर्षांच्या आतच मुळासकट पडतात. अशा वेळी ड जीवनसत्त्वाचा मारा करून उपयोग नाही, उलट रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. मात्र निदानाआधी रक्त कोणत्या नळीत घेतले ते पाहावे. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या एंझाइमला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते, आणि आकडा खोटाच खाली येतो.