डॉलरचा जामीन आणि सातबाऱ्याचा जामीन

‘जामिनाच्या रकमेपैकी १० टक्के एजंटला दिले की आरोपीची सुटका होते.’ रत्नागिरीत आम्ही काही जण मिळून मराठी विकिपीडियासाठी जामिनावरचा मजकूर लिहितोय, त्याच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, हे वाक्य आलं होतं. संदर्भ जोडलेला होता, आणि तो खराही होता. अडचण एवढीच, की संदर्भ अमेरिकेचा होता आणि वाक्य पडलं होतं ‘भारतातील जामीन’ या विभागात.

इंग्रजीतून मजकूर आणायचा म्हटलं की ही गल्लत ठरलेली. जामिनावर इंग्रजीत जे ढिगाने लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंच अमेरिकेबद्दल असतं. दोन्हीकडे हेतू एकच, आरोपीने तारखेला हजर राहावं. पण माणूस नेमका कशापायी आत अडकून राहतो हे विचारलं की दोन्ही जामीन वेगळे पडतात.

अमेरिकेत अडतं ते रोकड्यापाशी. न्यायाधीश रक्कम ठरवतो आणि ती आधी भरावी लागते. ऐपत नसेल तर बेल बाँड कंपनी गाठायची. ती साधारण १० टक्के घेते आणि उरलेल्याची हमी देते. हे १० टक्के तिचे झाले. पुढे निर्दोष सुटलात तरी परत मिळत नाहीत. उघड, परवान्यावर चालणारा धंदा आहे हा, मात्र केंटकी, ओरेगॉन, विस्कॉन्सिन, इलिनॉय अशा राज्यांत त्याला मनाई आहे. त्यामुळे ‘अमेरिकेत असं असतं’ हे वाक्यही सरसकट लिहिता येत नाही.

तिथल्या चर्चेत कलीफ ब्राउडरचं नाव हमखास येतं. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडलेला १६ वर्षांचा मुलगा. जामीन ३,००० डॉलर, घरच्यांना ते जमले नाहीत. जवळपास तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या तुरुंगात काढली, खटला चाललाच नाही, शेवटी आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर होता, म्हणून नंतर त्याला जामीनच नाकारला गेला, हा भाग मात्र पुष्कळदा गाळला जातो. विश्वकोशात तो यायला हवा, मग गोष्ट थोडी कमी धारदार झाली तरी चालेल.

म्हणून अमेरिकेत जामीन सुधारणा म्हणजे मुख्यतः रोकड हटवणं. न्यू जर्सीने २०१७ पासून ती जवळजवळ बंद केली, इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पूर्णच. कॅलिफोर्नियात कायदा झाला होता, पण २०२० मध्ये मतदारांनी तो फेटाळला.

आता आपल्याकडे या. ‘२५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका’ अशी बातमी वाचून बहुतेकांना वाटतं, की कोणीतरी कोर्टात २५ हजार मोजले. तसं नसतं. ती लेखी हमी असते. आरोपी फरार झाला तर ती रक्कम वसूल व्हायची. कोर्ट बहुतेकदा तेवढ्याच रकमेचा जामीनदारही मागतं, आणि खरी रखडपट्टी तिथून सुरू होते. जामीनदाराने आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप किंवा सातबारा आणायचा. कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही लागतो.

कोकणातला सातबारा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आजोबा जाऊन जमाना झाला तरी उताऱ्यावर त्यांचंच नाव, नाहीतर वारसांची ही लांबलचक रांग. निम्मे मुंबईत, कोणाचा हिस्सा कुठला ते गणपतीत सगळे जमले तरी ठरत नाही. असा उतारा घेऊन जामीन राहायला आलेल्या काकांना कोर्टातला लिपिक विचारतो, ‘यात तुमचं किती?’ काका गप्प. निदान काका तरी आहेत. मिरकरवाड्याच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी किंवा हापूसच्या बागेतला राखणदार, त्याच्यासाठी जिल्ह्यात कोण उभं राहणार? मालक राहिला तर राहिला.

याच दुखण्यावर १९७८ चा मोतीराम खटला आहे, आणि माझ्या मते भारताच्या विभागात सगळ्यात जास्त जागा त्याला द्यायला हवी. मध्य प्रदेशातला गरीब गवंडी. दंडाधिकाऱ्याने १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तशा वेळी ती अट घालू नये. जामीन मिळून महिना झाला तरी कैदी आतच असेल, तर अटी सैल करण्याचा विचार व्हावा, हेही त्यातच. मधली ४५ वर्षं वाचकाने आपली आपण मोजावीत. ‘दुर्दैवाने’ वगैरे शब्द आम्ही घालत नाही, तटस्थता पाळायची असते.

त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. सुरुवातीला तीत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. पैशाची नड त्याने भागेल. जामीनदाराची नड वेगळी.

१० टक्क्यांचं वाक्य उडवल्यावर एकाने उत्साहाने लिहिलं, ‘भारतात रोख जामीन नसतो.’ आमच्यातल्या वकील बाईंनी तेही उडवलं. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रक्कम भरून सुटायची परवानगी कोर्टं देतात, उच्च न्यायालयाच्या आदेशांत ती सर्रास दिसते. फरक असा, की ती रक्कम कोर्टात जमा असते आणि अटी पाळल्या की परत मिळते. एजंट मध्ये नाही. कोर्टाबाहेर पैसे घेऊन बनावट कागदांवर उभे राहणारे जामीनदार असतात, पण तो गुन्हा आहे, त्याला बेल बाँड कंपनीचा भारतीय अवतार म्हणू नये.

रत्नागिरीकरांना लोकमान्यही लेखात हवे होते. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी दावर यांनी वकील म्हणून युक्तिवाद केला आणि न्यायमूर्ती तय्यबजींनी तो दिला. १९०८ मध्ये त्याच दावरांनी न्यायाधीश म्हणून नाकारला. किस्सा झकास आहे, पण तो ‘इतिहास’ या विभागात गेला, ‘सुधारणा’ या विभागात नाही.

कलमांचे आकडे हे सध्याचं काम. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुनं कलम ४३६-अ आता ४७९ झालं. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन, हे जुनंच. पहिल्यांदाच आरोपी झालेल्यासाठी एक तृतीयांश, हे नवं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. हे अपवाद त्याच परिच्छेदात राहू द्या. ते खाली टीपेत ढकलणारं संपादन दिसलं, तर उलटवा आणि चर्चा पानावर कारण लिहा.